वेशीबाहेरचा बाजार

परगावी गेलं की मी आधी तिथला जुना बाजार कुठे भरतो ते विचारते. राजवाडे आणि चर्चं नंतर. लग्न होऊन आले ती पुण्यात रविवार पेठेतल्या भांडीवाल्यांच्या घरात, आणि पुढे दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच केस पिकले. या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते: एकाच हंड्याला दोन भाव असतात. एक मोडीचा, वजनावर ठरणारा. दुसरा घाटाचा, म्हणजे त्याची घडण, काठ, त्यावरचं मठारकाम पाहून ठरणारा. पहिला भाव तराजू सांगतो, दुसरा सांगायला माणूस लागतो. जुना बाजार चालतो तो या दोन भावांमधल्या अंतरावर. मग तो मंगळवार पेठेत बुधवारी-रविवारी भरणारा आमचा असो, नाहीतर पॅरिसचा.

लेकीचं बिऱ्हाड पॅरिसला असल्यामुळे तिथला बाजार मला हिंडून हिंडून पाहता आला. खरं तर तो पॅरिसचा नाहीच. तो सँतुआँ या शेजारच्या गावाचा आहे. चार नंबरच्या मेट्रोने पोर्त द क्लिन्याँकूरला उतरायचं, नव्या बुटांचे आणि टी-शर्टांचे ठेले ओलांडायचे, शहराभोवतीच्या रिंगरोडच्या पुलाखालून पलीकडे जायचं, की र्यू दे रोझिए हा लांबलचक रस्ता लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे सात हेक्टरांवर गल्ल्याच गल्ल्या आहेत: झुंबरं, आरसे, तांब्याची भांडी, बटणांच्या बरण्या, लग्नातल्या चादरी, दाराच्या मुठी, जुनी पोस्टकार्डं. शनिवार, रविवार आणि सोमवार हे त्याचे वार. जगभरचे प्रवासी तिथे येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना तो बाजार रिंगरोडच्या पलीकडे का आहे हा प्रश्न पडत नाही. मला तो पहिल्याच फेरीत पडला, कारण पुण्यातही अशा वस्तूंचा बाजार लक्ष्मी रोडवर भरत नाही.

उत्तर जुन्या तटबंदीत आहे. आजचा रिंगरोड तिच्याच पट्ट्यातून जातो. 1841 ते 1844 या काळात पॅरिसभोवती सुमारे 33 किलोमीटरची नवी तटबंदी बांधली गेली. पंतप्रधान तिएर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तटाबाहेर 250 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, तिथे पक्कं बांधकाम करायचं नाही, असा लष्कराचा नियम होता. शत्रू आला तर तोफांसमोर आडोसा नको. 1860 मध्ये शहराची हद्द याच तटापर्यंत वाढली आणि जकातही तिथेच वसूल होऊ लागली. म्हणजे वेशीच्या आत दारू महाग आणि बाहेर स्वस्त. आतल्या घरांचं भाडं परवडेना तसतसे गरीब लोक त्या मोकळ्या पट्ट्यात पत्रा, फळ्या, जुनी दारं जोडून झोपड्या बांधू लागले. त्याच सुमारास ओस्मान या प्रशासकाने शहराच्या मध्यभागातल्या जुन्या दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले होते. आज पाहुणे ज्या रस्त्यांचे फोटो काढतात, त्यांवरून उठवलेली माणसं वेशीबाहेर जमा झाली, आणि त्यांत मोठा भरणा होता चिंध्या वेचणाऱ्यांचा.

त्यांना फ्रेंचमध्ये शिफोनिए म्हणत. पाठीवर वेताची मोठी हारी, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात टोकाशी आकडा असलेली काठी. रात्री लोक घरातला केर रस्त्यावर टाकत, आणि पहाटे गाड्या यायच्या आत हे लोक कंदिलाच्या उजेडात तो उपसत. हा काम नसलेल्यांचा उद्योग नव्हता. पक्का धंदा होता, आणि त्यावर पोलिसांचं पुरेपूर लक्ष होतं. 1828 च्या हुकुमाने प्रत्येकाला अंगावर बिल्ला लावणं सक्तीचं झालं. त्यांच्यातही पायऱ्या होत्या. सगळ्यात खाली नुसता फिरस्ता, दिसेल ते उचलणारा. त्याच्या वर ‘प्लासिए’, ज्याच्या ठरलेल्या इमारती असत. तो तिथल्या दारवानाची कामं करून द्यायचा, आणि बदल्यात त्या इमारतीच्या केराला पहिला हात त्याचा. ही जागा विकता यायची, पोराला वारशाने देता यायची. सगळ्यात वर होता घाऊक माल घेणारा मालक. त्याच्या वखारीत सगळं वजनावर जायचं.

हे कळलं तेव्हा मला आमच्या बोहारणी आठवल्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायका नवी भांडी आमच्याच दुकानातून उधारीवर उचलायच्या. वहीत त्यांचं पान वेगळं असायचं. त्यांच्यातल्या एकीच्या सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत ठरलेल्या आळ्या होत्या. तिथे दुसरी बोहारीण पाटी घेऊन शिरली की भांडण. म्हातारपणी तिने त्या आळ्या सुनेच्या हवाली केल्या आणि सुनेला घेऊन दुकानात आली, सासऱ्यांना सांगायला, की आता उधारी हिच्या नावावर लिहा. सुनेला वारसा मिळाला तो कोणत्या घरात किती लग्नं झाली, कोणाकडे जरीची लुगडी निघतील, कोण कपड्याची बटणं आधी कापून घेतं, या माहितीचा. प्लासिए विकायचा तेही हेच.

चिंधीला तेव्हा एवढं मोल का होतं? कारण कागद चिंध्यांपासून व्हायचा. सुती आणि तागाच्या चिंध्या कुजवून, कुटून त्यांचा लगदा करत. वर्तमानपत्रं वाढली तशी चिंध्यांना मागणी वाढली. हाडांचीही तीच गोष्ट: चांगल्या हाडांची बटणं आणि कंगव्यांसारख्या वस्तू होत, उरलेल्यांचा सरस, आणि जाळलेल्या हाडांचा काळा कोळसा साखर शुभ्र करायला लागायचा. काच वितळवायला, लोखंड भट्टीत. पॅरिसच्या केरातलं फारसं काही वाया जात नसे, आणि ते शहराला फुकट पडायचं, कारण निवडायचं काम रात्री दुसरंच कोणी करत होतं.

मग एकामागून एक दोन घाव बसले. लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला आणि चिंधीचा भाव घसरला. दुसरा घाव 24 नोव्हेंबर 1883 चा. सेन जिल्ह्याचा प्रशासक युजेन पूबेल याने हुकूम काढला, की 15 जानेवारी 1884 पासून घरमालकांनी भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवायचे, आणि केर रस्त्यावर न टाकता त्यांत टाकायचा. कुजणारा माल, कागद-चिंध्या, आणि काच-खापऱ्या-शिंपले असे तीन वेगवेगळे डबे हवेत असंही त्यात होतं. आज ओल्या-सुक्या कचऱ्याची पत्रकं आपल्याकडे वाटली जातात; पॅरिसमध्ये ती कल्पना तेव्हाच कागदावर आली होती. शहराच्या आरोग्यासाठी हुकूम योग्यच होता, पटकीच्या साथी त्या शहराने सोसल्या होत्या. पण डबा बाहेर येणार गाडीच्या थोडा आधी आणि लगेच उचलला जाणार, मग वेचणाऱ्याने वेचायचं कधी? मोठा गदारोळ झाला, वर्तमानपत्रांनी वेचणाऱ्यांची बाजू घेतली. शेवटी एवढी मुभा मिळाली, की फडकं अंथरून त्यावर डबा ओतायचा, हवं ते काढायचं आणि उरलेलं पुन्हा भरून ठेवायचं. रात्रभराचं काम काही मिनिटांवर आलं.

फिरस्त्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान झालं. ज्यांना चिंधी आणि हाडं वजनावर घालून पोट भरता येईना, ते वेचलेल्या मालातली धड वस्तू बाजूला काढून स्वतःच विकू लागले: चेमटलेला दिवा, एका कानाचा कप, कुलूप नसलेली पेटी. वेशीबाहेर जमिनीवर फडकं, त्यावर मांडणी. रविवारी पॅरिसकर स्वस्त दारू प्यायला आणि नाचायला वेस ओलांडून यायचेच. जाता-येता तिथे थांबू लागले. मोडीचा माल घाटाच्या भावाने जाऊ लागला तो असा. माँत्रय आणि व्हाँव्ह इथल्या वेशींवरही असेच बाजार उभे राहिले आणि ते आजही भरतात.

सँतुआँच्या नगरपालिकेने मात्र या लोकांना हाकललं नाही. 1885 मध्ये तिने तिथले रस्ते फरसबंद केले, साफसफाईची सोय केली आणि बसणाऱ्यांकडून पट्टी घ्यायला सुरुवात केली. बाजार आपला जन्म त्याच वर्षाचा मानतो. धंदा तर आधीपासून चालूच होता, त्या वर्षी फक्त त्याला पावती मिळाली. पण रस्त्यावर माल मांडणाऱ्याच्या आयुष्यात पावतीने किती फरक पडतो, हे ज्याने पथारीवाल्यांची उठाउठ पाहिली आहे त्याला सांगायला नको.

1908 मध्ये मेट्रो पोर्त द क्लिन्याँकूरपर्यंत आली आणि गिऱ्हाईक बदललं. आता शौकीन येऊ लागले. 1920 मध्ये व्हेर्नेझाँ नावाच्या गृहस्थांनी आपल्या जमिनीवर लाकडी खोपटांच्या ओळी उभ्या करून त्या व्यापाऱ्यांना भाड्याने दिल्या. फडक्यावरचा माल फळीवर चढला. 1925 मध्ये जवळच बिराँचा बाजार झाला, तिथे चांगल्या प्रतीचं फर्निचर. पुढे एकेक करत बाजार वाढले. सर्पेत नावाचा 1977 चा बाजार तर मोटारींच्या जुन्या गॅरेजमध्ये आहे.

या पक्क्या बाजारांआधीचं वेशीबाहेरचं जगणं पाहायचं तर युजेन आत्जेचे फोटो पाहावेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माणूस अवजड कॅमेरा घेऊन त्या पट्ट्यात हिंडला, आणि 1913 मध्ये त्याने तिथल्या रहिवाशांच्या फोटोंचा एक संग्रहच केला. हातगाडीवर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच रचलेली पोती, झोपडीच्या दारात बसलेली बाई, भोवती निवडून ठेवलेल्या मालाचे ढीग. मी ते फोटो बराच वेळ पाहत होते. ढीग वेगवेगळे होते. कापड एकीकडे, धातू एकीकडे, टोपल्या एकीकडे. ज्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो, तिथे कुणीतरी आमच्या दुकानाच्या माळ्यापेक्षा नीट लावलं होतं.

या पट्ट्यात फिरस्त्या रोमा लोकांच्या गाड्याही असत. जांगो राइनहार्ट हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गिटारवादक तिथलाच. 1928 मध्ये त्याच्या गाडीला आग लागली. बायको विक्रीसाठी सेल्युलॉइडची फुलं करायची, त्यांनी भडका घेतला. डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली आणि उरलेल्या बोटांवर त्याने वाजवण्याची नवी पद्धत बसवली. र्यू दे रोझिएवरच्या एका जुन्या दारूच्या गुत्त्यात अजूनही त्याच्या घराण्याचं वाजवलं जातं.

आता तांब्याकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकतो. व्हेर्नेझाँच्या एका बोळात एक बाई नुसती स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी मांडून बसतात. लांब दांड्याची पातेली लहान-मोठी ओळीने टांगलेली. लोक ती आतून बघतात, मी आधी पालथी करते. बाहेरून फडक्याने पुसून तिरप्या उजेडात धरली, की तळाच्या कडेने एक फिकट पिवळी रेघ दिसते, करवतीच्या दात्यांसारखी खाली-वर जाणारी. तिथे तांब्याच्या दोन पत्र्यांना दाते पाडून एकात एक अडकवले आणि पितळेची झाळ दिली. तसाच सांधा आमच्या जुन्या हंड्या-घंगाळांना असायचा. कसब्यातल्या तांबट आळीत तो करणारे हात मी पाहिलेत. एका साच्यात दाबून काढलेल्या भांड्याला ही रेघ नसते. सांध्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं तर चांगल्या कामात खाच लागत नाही.

मग दांडा पाहायचा. जुन्या कामात तो बिडाचा किंवा लोखंडाचा, तांब्याच्या जाड रिबिटांनी बसवलेला. पितळेचा चकचकीत दांडा आणि हाताला हलकं लागणारं पातेलं असेल तर ते बहुधा 1960 नंतर भिंतीवर टांगायला केलेलं असतं. त्यावरचे ठोकेही एकसारखे, एका मापाचे येतात. मठार मारणाऱ्याचा हात कधीच इतका एकसारखा पडत नाही. काठाकडे वळताना ठोका जवळ येतो, पोटावर सैल होतो. मग कल्हई. मी उचललेल्या पातेल्याची कल्हई बाजूंना करडी, शाबूत, आणि तळाच्या मध्यावर घासून लाल तांबं उघडं पडलेलं. म्हणजे त्यात वर्षानुवर्षं काहीतरी ढवळलं गेलं होतं, आणि ढवळणारी व्यक्ती उजव्या हाताची असावी, कारण झीज एका बाजूला जास्त होती.

मी हे सगळं करत असताना त्या बाई काहीच बोलल्या नाहीत. लेकीने भाव विचारला तेव्हा त्यांनी मलाच खुणेने विचारलं, तुमचा धंदा हाच का? मी मान हलवली. मग त्यांनी मागे ठेवलेलं आणखी एक पातेलं काढून दाखवलं, त्याच्या काठावर मालकाच्या नावाची अक्षरं ठोकलेली. मोठ्या वाड्यांच्या आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यात भांडी कल्हईला बाहेर जात, ती बदलली जाऊ नयेत म्हणून नावं घालत. आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, लग्नात दिलेल्या तांब्यावर तर तारखेसकट. कल्हईवाले आता उरलेत का, असं मी विचारलं. नॉर्मंडीत व्हिलदिउ-ले-प्वाल नावाचं तांबटांचं जुनं गाव आहे, तिकडे पाठवतो, म्हणाल्या. पूर्वी कल्हई करणारे गल्लीत यायचे, पेटी आणि भट्टी घेऊन, आणि मुलं भोवती उभी राहायची. लेक हे भाषांतर करून सांगत होती, पण मला ते आधीच कळलं होतं.

त्या बाजारावर लिहिणाऱ्यांचं एक मला पटत नाही. ते घेणाऱ्याच्या नजरेचं कौतुक करतात. कवी आंद्रे ब्रताँ 1934 मध्ये शिल्पकार जाकोमेत्तीबरोबर जुन्या बाजारात हिंडला आणि त्याला एक लाकडी चमचा सापडला, दांड्याखाली टेकू म्हणून कोरलेला इवलासा बूट. त्यावर त्याने 1937 च्या पुस्तकात बरीच पानं लिहिली, आणि चमचा साहित्याच्या इतिहासात गेला. चमचा खरोखर देखणा आहे. पण तो फडक्यावर यायच्या आधी कोणीतरी केरातून किंवा मेलेल्याच्या घरातून उचलला, याचं काय करायचं हे ठरवलं आणि जळणात न टाकता बाजूला ठेवला. सापडण्याचं अर्धं काम तिथेच झालं होतं. प्रवासी ज्याला नशीब म्हणतात, ती बहुतेक वेळा दुसऱ्याची निवड असते. शुक्रवारी पहाटे सँतुआँत व्यापारी बॅटऱ्या घेऊन एकमेकांचा माल पाहतात. शनिवारी आपल्यापुढे येतं ते त्यानंतर उरलेलं.

2001 मध्ये या बाजाराला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. तिथल्या इमारती काही थोर नाहीत. जपायचं होतं ते वातावरण. मला हा निर्णय फार आवडतो. आपल्याकडे एखादा बाजार त्याच्या बोळांसाठी, त्याच्या बोलण्या-चालण्यासाठी जपला गेलेला मला तरी माहीत नाही. पण जपल्यावर भाडी चढली, सजावटकारांची दुकानं आली, आणि केरातून वस्तू काढून आणणारा माणूस त्या गल्ल्यांत बसू शकत नाही.

तो कुठे बसतो, तर थोड्याच अंतरावर. रिंगरोडच्या पुलाखाली, पोर्त द माँमार्त्रजवळ. त्यांना आता बिफाँ म्हणतात, चिंध्या वेचणाऱ्यांचं हेही जुनंच नाव. बरेचसे परदेशातून आलेले, बरेचसे म्हातारे. रात्री डबे पाहतात, लोकांनी घर बदलताना सोडलेलं उचलतात, सकाळी चादर अंथरतात. बरीच वर्षं पोलीस त्यांना उठवत होते. 2009 मध्ये पॅरिसच्या महापालिकेने तिथे शंभर जागा आखून दिल्या आणि नावनोंदणी सुरू केली. बाकीचे आखलेल्या रेघेबाहेर बसतात आणि पोलीस दिसले की चादरीची चार टोकं एकदम उचलून निघतात. जिथे 1884 नंतर फडकी अंथरली गेली, त्याच पट्ट्यात.

पॅरिसला निघालेल्या ओळखीच्या लोकांना मी सांगते: शनिवारी सकाळी सुटे पैसे घेऊन आधी या पुलाखाली जा, व्हेर्नेझाँ दुपारी केलंत तरी चालेल. मी तिथून एका वयस्क बाईकडून पत्र्याची मिरपुडीची डबी घेतली. तिच्या चादरीवर चमचे एकीकडे होते, चार्जर एकीकडे, लहान मुलांचे कपडे घड्या घालून एकीकडे. भाव करायच्या आधी वस्तू कुठे मिळाली ते विचारावं. बहुतेक जण रस्त्याच्या नावासकट सांगतात.